फेरेटचा कॅन्सर आणि पूरक औषधं: कुठली बाटली उघडायची, कुठली नाही

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी. त्याच्या कॅन्सरसाठी ‘काहीतरी नैसर्गिक’ शोधणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅन्सर कुठला? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही, त्यांना बाटलीचं नाव हवं असतं. पण अमेरिकेतल्या पाळीव फेरेटांमध्ये तीन आजार पुन्हा पुन्हा दिसतात. स्वादुपिंडातला इन्सुलिनोमा, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची (मूत्रपिंडाला लागून असते ती) गाठ आणि लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कॅन्सर. तिघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकाला चालणारी पूड दुसऱ्याला सरळ नडते. निदान झालेलं नसेल तर पूरक औषधांच्या दुकानात जाऊ नका. आधी एक्झॉटिक प्राणी बघणारे डॉक्टर गाठा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला फेरेटचा अनुभव असतोच असं नाही.

मी ओहायोत कोलंबसला राहते. घरात दोन फेरेट आहेत. चकली ही मादी, वजन ७५० ग्रॅम, तिला इन्सुलिनोमा आहे. पिंट्या सव्वा किलोचा नर, त्याला अ‍ॅड्रिनलचा त्रास. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर ‘मुंगसं बरी आहेत ना गं?’ असं विचारते. ही मुंगसं नाहीत, पाणमांजराच्या कुळातली आहेत, हे मी तिला सांगून झालंय. तिला पाणमांजरही पसंत नाही. पण दोघांच्या आजारपणात तिचा रस खरा आहे, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं पुष्कळसं तिच्या सूचनांना उत्तर देता देताच माझ्या डोक्यात स्पष्ट झालंय.

इन्सुलिनोमा: मधुमेहाच्या बरोब्बर उलटा

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची गाठ होते आणि ती गरज नसताना इन्सुलिन सोडत राहते. रक्तातली साखर पडते. मग मागचे पाय लटपटतात, प्राणी शून्यात बघत बसतो, लाळ गळते, पंजाने तोंड ओरबाडतो. फारच पडली तर झटके येतात. फेरेटची साखर साधारण ९० ते १२० असायला हवी. ६०-७० च्या खाली आणि सोबत ही लक्षणं असली तर डॉक्टर इन्सुलिनोमाच धरून चालतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटच्या रक्तात साखर आहे त्याहून कमी दाखवतं. बाबांचं जुनं मीटर घेऊन घरी निदान करायला बसू नका.

आता आपल्याकडची औषधं बघा. कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, गुळवेल, दालचिनी. घरात एक तरी मधुमेही असतो, म्हणून ही सगळी नावं आपल्याला पाठ असतात, आणि ‘साखरेवर चांगलं’ एवढंच लक्षात राहतं. ती चांगली असतात साखर उतरवायला. चकलीची साखर आधीच जमिनीवर आहे. इथल्या दुकानातल्या ज्या बाटल्यांवर ‘ब्लड शुगर सपोर्ट’ लिहिलेलं असतं, त्यांचंही तेच. लेबल मधुमेह्यासाठी लिहिलेलं असतं, इन्सुलिनोमासाठी नाही.

फेरेट पाळणाऱ्यांमध्ये ब्रूअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट) शिफारस फार होते, त्यातल्या क्रोमियममुळे साखर ‘स्थिर’ राहते म्हणून. क्रोमियमबद्दल जो दावा केला जातो तो असा, की इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. जिच्या अंगात इन्सुलिनचाच पूर आहे तिला ते आणखी कार्यक्षम करून काय मिळवायचं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. मी देत नाही.

चकलीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू आहे. डायझॉक्साइड हे पुढचं औषध, आणि काही जणांच्या बाबतीत शस्त्रक्रिया करून गाठी काढता येतात. पूरक म्हणून जे काही द्यायचं ते यांच्या जोडीला. यांच्या जागी काही नाही. प्रेडनिसोलोन तर एकदम बंदही करायचं नसतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

झटका आला किंवा प्राणी गळून पडला, तर हिरड्यांवर मध चोळायचा. कापसाच्या बोळ्याने, बोट दातांमध्ये न घालता. झटक्यात जबडा मिटला तर सुटत नाही. मध तोंडात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जातो. शुद्धीवर आली, गिळता यायला लागलं, की लगेच मांसाचं काहीतरी खायला द्यायचं आणि डॉक्टरांकडे निघायचं. मधावर मध देत बसलात तर साखर वर जाते, गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि तासाभरात पुन्हा तेच. रोजच्या खाण्यात म्हणूनच मध, बेदाणे, केळं, फेरेटसाठी मिळणारी ती मऊ गोड बिस्किटं, काही नको. ‘व्हिटॅमिन पेस्ट’च्या ट्यूबचं मागचं लेबल वाचा, कॉर्न सिरप किंवा माल्ट पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती या आजारात खाऊ नाही, त्रास आहे.

सूप

तिन्ही आजारांत उपयोगी पडणारं एकच पूरक मला माहीत आहे, ते म्हणजे मांस. फेरेट निव्वळ मांसाहारी. आतडं आखूड, आंधळं आतडं नाहीच, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून आजारी फेरेटला दिवसातून दोनदा जेवण ही गोष्ट चालत नाही. तीन-चार तासांनी थोडं, रात्रीसुद्धा. इथले लोक याला ‘डक सूप’ म्हणतात, बदक त्यात क्वचितच असतं. प्रत्येकाची कृती वेगळी. माझी अशी:

एक किलो कोंबडीच्या मांड्या, कातडीसकट. कोंबडीची हृदयं मिळाली तर मूठभर. काळीज फार तर ५० ग्रॅम. ते फेरेटना आवडतं म्हणून हात सैल सुटतो, पण त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि जास्त झालेलं साठत जातं. मांस बुडेल इतकं पाणी, कुकरच्या चार-पाच शिट्ट्या. मीठ नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. पूडसुद्धा नको, विकतच्या चिकन स्टॉकमध्ये ती हमखास असते. आलं, हळद, गरम मसाला, काही नाही. आपल्या हाताला हे जड जातं. पातेलं गॅसवर असलं की डावा हात मसाल्याच्या डब्याकडे जातोच.

गार झाल्यावर हाडं एकेक करून काढायची. शिजलेलं हाड तुटतं आणि त्याच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात, तेव्हा हे काम टीव्ही बघत करायचं नाही. मग मिक्सरमध्ये सगळं पातळ पेस्ट होईपर्यंत फिरवायचं, सुटलेल्या पाण्यासकट. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की एक तुकडा म्हणजे एक जेवण. देताना कोमट करायचं. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर ढवळून बोट घालून बघायचं, मधेच चटका बसेल इतकं गरम राहतं. चव लागत नसेल तर वर शिजवलेल्या अंड्याचं थोडं पिवळं.

निरोगी, खाती-पिती फेरेट ते वाटीतून चाटते. आजारी असली की आधी बोटावर घेऊन ओठाला लावायचं, जिभेने घेतलं की पुढचं. तेही नको असेल तर सुई नसलेली सिरिंज, गालाच्या बाजूने, थेंब-थेंब, तिला गिळायला वेळ देत. एका वेळी दहा-पंधरा मिली पोटात गेलं तर छान. मान पुढे राहू द्या, उताणी धरून भरवू नका. घरी करणं जमत नसेल तेव्हा डॉक्टर मांसाहारी प्राण्यांसाठीची तयार पावडर किंवा पथ्याचं कॅन केलेलं अन्न देतात, त्यात कमीपणा काही नाही. पिंट्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही तेच वापरलं.

आणि एक ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. दर रविवारी वजन. चकलीचं वजन ५० ग्रॅमने घटलं तर नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण ५० किलोच्या माणसाचं ते तीन किलोंहून जास्त झालं.

याच गणितातून बाटल्यांचंही कळतं. कॅप्सूल ७५ किलोच्या माणसासाठी बनवलेली असते, चकली ७५० ग्रॅमची. म्हणजे शंभरावा भाग. एका कॅप्सूलचा शंभरावा भाग घरच्या चमच्याने काढून दाखवा. आणि हे भागाकाराचं गणितही पूर्ण खरं नाही, कारण फेरेटचं यकृत माणसासारखं वागत नाही. मात्रा डॉक्टरांनीच सांगायची, ती याच्यासाठी.

जे देता येतं

माशांचं तेल. साल्मन किंवा सार्डिनचं. त्यातल्या ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांमुळे कॅन्सरमध्ये जी स्नायूंची झीज होते ती थोडी आवरते असं मानायला माणसांत आणि कुत्र्यांत काही आधार आहे. चकलीला सूपावर दोन-तीन थेंब. जास्त दिलं तर जुलाब होतात, आणि रक्त गोठायला वेळ लागतो. शस्त्रक्रिया ठरली की तेल देतोय हे सर्जनला सांगायचंच. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी बाटली आहे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, ते नको. फेरेटना लाडाने चाटवतात ती तेलकट टॉनिकंही अ जीवनसत्त्वाची असतात. नखं कापताना पोटावर दोन थेंब ठीक, रोजचं औषध म्हणून नाही. जवसाचं तेल शाकाहारी पर्याय म्हणून कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. जवसातल्या मेदाम्लाचं ईपीए करायची कुवत मांसाहारी प्राण्यांत नगण्य असते.

स्लिपरी एल्म, म्हणजे एका अमेरिकन झाडाची अंतरसाल. पाण्यात शिजवली की इसबगोलासारखी बुळबुळीत होते. स्टेरॉइडने पोट बिघडलं, काळसर शी व्हायला लागली तर आधी डॉक्टर, कारण ते आतल्या रक्तस्रावाचं लक्षण आहे. अल्सरची औषधं वेगळी असतात. पण नुसतं मळमळतंय, दात खातेय, एवढंच असेल तर ही साल बरी. औषधापासून दोन तास लांब द्यायची, नाहीतर औषध त्या बुळबुळीतच अडकून राहतं.

मिल्क थिसल, म्हणजे एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क, यकृतासाठी. दीर्घकाळ औषधं चालू असणाऱ्या फेरेटना बरेच डॉक्टर देतात. रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसले तरच मी ते विचारात घेते. उगीच ‘संरक्षण’ म्हणून नाही. माणसांत याने साखर थोडी खाली येते, तेव्हा इन्सुलिनोमात हात आखडता. अर्क अल्कोहोलमधला नसावा. पाऊण किलोच्या जिवाला अल्कोहोलचे दहा थेंब म्हणजे थेंब नव्हेत.

टर्की टेल नावाच्या अळंब्याचं फार कौतुक होतं. त्याचं मूळ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१२ सालच्या अभ्यासात आहे: प्लीहेचा एक भयंकर कॅन्सर असलेली १५ कुत्री. निकालाने सगळे हुरळले. नंतर त्याहून मोठी चाचणी झाली, तिच्यात तसा फायदा दिसला नाही. पहिल्याची बातमी अजून फिरते, दुसरीची कुणी वाटत नाही. घ्यायचंच असेल तर अळंब्याचा गरम पाण्यातला अर्क घ्या. तांदळा-ओटवर वाढवलेल्या बुरशीची पूड विकतात त्यात निम्मी पिठूळ धान्यं असतात, आणि पीठ फेरेटच्या उपयोगाचं नाही.

हळद

हा भाग आईसाठी. ती सांगलीची, तिथल्या हळदीच्या पेठेवर तिचा जितका विश्वास आहे तितका कुठल्याच डॉक्टरवर नाही. तिने पाठवलेलं पाकीट माझ्याकडे आहे आणि ते रोज वापरात आहे, आमटीत.

हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या भांड्यातल्या कॅन्सरच्या पेशींना मारतं, हे खरं. पण तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जातच नाही, जवळजवळ सगळं बाहेर पडतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क, पिपरिन, घालतात. पिपरिन काम कसं करतं? यकृत जी रसायनं निकालात काढतं ते काम मंद करून. म्हणजे हळद रक्तात टिकते, आणि तिच्यासोबत इतर औषधंही अपेक्षेपेक्षा जास्त टिकू शकतात. वर कर्क्युमिन साखर उतरवतं आणि रक्त पातळ करतं. हळद-दूध सुचवलं तर दुधाचाच आधी त्रास, फेरेटना दुधातली साखर पचत नाही, पातळ शी होते. ‘मग कॅन्सरला आपली हळद चालत नाही म्हणायचं?’ आईने विचारलं. या फेरेटला, या औषधांबरोबर नाही चालत, म्हटलं. तिने विषय बदलला.

अ‍ॅड्रिनल: इथे नावं फसवतात

इथल्या दुकानातली बहुतेक फेरेट मोठ्या ब्रीडिंग फार्मवरून येतात आणि जेमतेम पाच-सहा आठवड्यांची असताना त्यांची नसबंदी झालेली असते. अंडाशय किंवा वृषण गेलं की मेंदूला ‘पुरे’ सांगणारं कुणी उरत नाही. तिकडून हॉर्मोनचे आदेश येतच राहतात आणि ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर आदळतात. ग्रंथी वाढते, कधी साधी गाठ होते, कधी कॅन्सर. शेपटीपासून केस जायला लागतात, मादीची योनी सुजते, नराची प्रोस्टेट फुगते.

ही ग्रंथी जास्तीचं जे सोडते ती लैंगिक हॉर्मोनं असतात. कुत्र्यांना होणाऱ्या कुशिंग्ज या आजारात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, वाढतं, तसं हे नाही. म्हणून कुत्र्यांच्या ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ बाटल्या फेरेटला निरुपयोगी. ज्येष्ठमध तर त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये असतं; ते स्टेरॉइडचा परिणाम वाढवतं आणि पोटॅशियम घालवतं, प्रेडनिसोलोन चालू असताना हे नकोच. शतावरी, सोयाबीन, जवस यांच्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारी द्रव्यं असतात. जिथे इस्ट्रोजेनचाच सुळसुळाट आहे तिथे ती कशाला?

उपयोगाचं म्हणजे मेलाटोनिन, अंधार पडल्यावर शरीर स्वतः बनवतं ते हॉर्मोन. तोंडावाटे साधारण अर्धा मिलिग्रॅम, सूर्योदयानंतर सात ते नऊ तासांनी, रोज त्याच वेळी. किंवा कातडीखाली बसवायचं इम्प्लांट. पिंट्याचे केस परत आले, भरघोस आले. पण केस आले म्हणजे गाठ गेली असं नाही, मेलाटोनिन ती विरघळवत नाही. खरं काम मेंदूकडून येणारे ते आदेश थांबवणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट करतं, अमेरिकेत ते २०१२ पासून फेरेटच्या या आजारासाठी मिळतं, आणि शस्त्रक्रिया. फुकटातला उपाय म्हणजे अंधार. पिंजऱ्यावर रात्री जाड कापड, दिवाणखान्यातला टीव्ही नाही, रोज बारा-चौदा तास काळोख. माणसांच्या मेलाटोनिनच्या गमीज आणू नका, त्यात झायलिटॉल हे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य असू शकतं.

आणि नर फेरेट लघवीच्या जागी जाऊन कुंथतोय, थेंबच येतोय, असं दिसलं तर हे सगळं वाचन बाजूला ठेवा आणि गाडी काढा. रात्री दोन वाजले असले तरी. प्रोस्टेटने मूत्रमार्ग दाबलेला असतो, सकाळपर्यंत थांबता येत नाही.

लिम्फोमा

यात मला थोडंच सांगायचं आहे. केमोचा विचार असेल तर स्टेरॉइड आधी सुरू करू नका. सुरू झालं की पुढच्या केमोला गाठ कमी दाद देते. हा निर्णय पहिल्या भेटीतच बोलून घ्यावा. केमोच्या काळात क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस, ‘अँटिऑक्सिडंट’ मिश्रणं टाळा, ती केमोच्याच वाटेत येऊ शकतात. क जीवनसत्त्व फेरेट स्वतः बनवते. लिम्फोमा हा प्रतिकारशक्तीच्याच पेशींचा कॅन्सर, तिथे ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून गुळवेल वगैरे देताना कुणाला चेव आणतोय याचा विचार हवा. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नव्हता. मी पाऊण किलोच्या प्राण्यावर तो वाद सोडवणार नाही.

बाकी नको त्यांची यादी लहान आहे. टायलेनॉल (म्हणजे पॅरासिटामॉल) आणि आयबुप्रोफेन कधीच नाही. आयबुप्रोफेनची एक गोळी फेरेटचा जीव घ्यायला पुरते. टी ट्री ऑइल नाही, फेरेटच्या खोलीत सुगंधी तेलांचा डिफ्यूझर नाही. सीबीडीचं (भांगेच्या झाडातलं एक द्रव्य) तेल वेदनेसाठी काही जण देतात. देणार असाल तर टीएचसी, म्हणजे त्याच झाडातलं नशा आणणारं द्रव्य, नसल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागा, आणि इतर औषधांशी ते भांडत नाही ना हे आधी विचारा.

सुरुवात कशी करायची

एका वेळी एकच नवी गोष्ट. आठवडाभर दुसरं काही बदलायचं नाही. या आठवड्यात वहीत रोज वजन, किती खाल्लं, शी कशी, किती वेळ खेळली, मागचे पाय कसे. एकदम चार बाटल्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी जुलाब लागले तर कुठली बंद करणार? उलट बरं वाटलं तरी तेच, आयुष्यभर चारही विकत घेत बसाल. फेरेट जेवेनाशी झाली तर सगळी पूरकं त्या क्षणी थांबवा. कडू वास लागलेलं सूप ती पुन्हा तोंडात घेत नाही, आणि तेव्हा सूपच हातचं जाता कामा नये. डॉक्टरांनी दिलेली औषधं मात्र चालू ठेवायची आणि त्याच दिवशी फोन करायचा.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या, आणि घरात असलेल्या प्रत्येक बाटलीचा फोटो. देत नसलात तरी. फोटो मागच्या बाजूचा काढा, जिथे बारीक अक्षरात काय-काय घातलंय ते लिहिलेलं असतं. पुढचं लेबल आणि त्यावरचं चित्र डॉक्टरांच्या काही कामाचं नसतं.